रजिस्टर कोणी उघडायचे?

समजा, मेहकर तालुक्यातील जानेफळच्या एका शाळेत पालक दाखला मागायला आले आहेत. ते जनरल रजिस्टर स्वतः उघडत नाहीत. ते अर्ज देतात आणि शाळा नोंद पाहून दाखला देते. जन्मतारखेची नोंद तर मुख्याध्यापकही परस्पर खोडू शकत नाहीत. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये ही शिस्त यायला मात्र वेळ लागला.

नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत ‘क्लास’ आला. हा शाळेतला वर्ग नव्हे. माहिती आणि तिच्यावर करायच्या क्रिया एकत्र बांधणारा हा साचा. पण त्याला कुलूप नव्हते. बाहेरचा कोणताही भाग आतली माहिती थेट बदलू शकत असे.

कुलूप कशाला लावायचे, हे १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी नेमके मांडले. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एका भागात झाकून ठेवावा. इतरांनी ठरलेल्या दारातूनच विचारावे.

तसे न केल्यास काय होते? वर्ष दोन अंकांत लिहिण्याची पद्धत असंख्य जुन्या प्रोग्रॅममध्ये जागोजागी पसरलेली होती. २००० साल जवळ आले तेव्हा मुंबई-पुण्याच्या प्रोग्रॅमरनाही ती शोधून दुरुस्त करत बसावे लागले. तारीख एकाच दारामागे असती, तर दुरुस्ती बरीचशी तिथेच आटोपली असती.

बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ साली सुरू केलेल्या कामातून सी प्लस प्लस ही भाषा घडली. तिच्यात आतले ते ‘प्रायव्हेट’, बाहेरच्यांसाठीचे ते ‘पब्लिक’. पुढे मार्क लिंटन यांच्या आग्रहावरून ‘प्रोटेक्टेड’ आले : मूळ क्लासवरून तयार केलेल्या क्लासना आत प्रवेश. गंमत अशी, की पाचएक वर्षांनी लिंटन यांनीच आपल्या प्रकल्पात प्रोटेक्टेड माहितीवर बंदी घातली. वारसांच्या हातूनही चुका होतच होत्या!

म्हणजे हे कुलूप चोरासाठी नाही, आपल्याच माणसांच्या नकळत होणाऱ्या चुकांसाठी आहे. आम्हालाही आमचाच जुना प्रोग्रॅम वर्षभराने परका वाटतो. म्हणून ‘प्रायव्हेट’ शिकवताना ‘यात गुपित काय?’ असे विचारू नये. ‘यातले उद्या काय बदलेल?’ असे विचारावे.