ऋण, धन आणि रेड लाईन

बॉस्टनच्या भुयारी रेल्वेत 'रेड लाईन' नावाचा एक मार्ग आहे. पीएचडीच्या काळात पाच वर्षं मी त्या गाडीने रोज ये-जा केली. पण या गाडीचा बीजगणिताशीही संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं.

झालं असं, की इथल्या एका शाळेत मी शनिवारी मुलांना गणित शिकवायला जायचो. आठवीतल्या एका मुलीला विचारलं, "यातला कोइफिशंट कुठला?" तिने उलट मलाच विचारलं, "हा शब्द कुठल्या भाषेतला?" मी चाट! इंग्रजी तिची मातृभाषा, परका असलो तर मी. अकरावीत मराठी माध्यमातून गेल्यावर सहगुणक, घातांक, करणी, विवेचक या सगळ्यांची नवी नावं वहीच्या मागच्या पानावर लिहून मी घोकायचो. उत्तर यायचं, शब्द यायचा नाही, म्हणून हात वर करायचोच नाही. दोन वर्षं अशीच गेली. आणि इथे ही पोर इंग्रजीत जन्मून त्याच जागी!

तेव्हा बॉब मोझेसबद्दल वाचलं. हा न्यूयॉर्कचा गणिताचा शिक्षक १९६१ मध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला गेला. तिथे मत द्यायचं तर आधी साक्षरतेची चाचणी, आणि ती घेणारा गोरा कारकून. पुढे १९८२ मध्ये बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमध्ये त्याच्या आठवीतल्या मुलीच्या शाळेत बीजगणितच शिकवत नव्हते. हार्वर्डने प्रवेशासाठी बीजगणित १८२० मध्येच सक्तीचं केलेलं, म्हणजे ज्याला ते येत नाही त्याला पुढची दारं बंद. मोझेसला ही चाचणी ओळखीची वाटली असणार. तो स्वतःच शाळेत जाऊन शिकवू लागला आणि त्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला.

मुलांची गाडी अडायची ती ऋण संख्यांशी. संख्या म्हणजे 'किती' एवढंच त्यांना ठाऊक. 'कुठल्या दिशेला' हा प्रश्नच नाही. मोझेसने त्यांना रेड लाईनने फिरवून आणलं. मग प्रवासाचं चित्र काढा, तो आपल्या घरच्या बोलीत सांगा, मग तेच नेमक्या शब्दांत मांडा आणि चिन्हं अगदी शेवटी. एक स्टेशन शून्य धरलं, की एका बाजूची धन, दुसऱ्या बाजूची ऋण.

हे वाचताना मी थबकलो. ऋण म्हणजे कर्ज! ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण हेच शब्द वापरून बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. ज्याच्या घरी सावकार येतो त्या पोराला वेगळी रेल्वे कशाला हवी? भास्कराचार्य तर आपल्याकडचेच, चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने कोरवलेला शिलालेख आहे. त्यांच्या 'बीजगणितात' पहिली अव्यक्त राशी 'यावत्तावत्', म्हणजे 'जितकं असेल तितकं'. पुढच्या राशींना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. लिहिताना नुसतं या, का, नी. (आपला 'क्ष' त्यामानाने किती रुक्ष!) अर्थात 'आमच्याकडे सगळं होतंच' असं छाती फुगवून सांगण्यात अर्थ नाही. शाळेत मीही ऋण संख्या पाठच केल्या. त्या शब्दात कर्ज आहे हे सरांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी त्या मुलीला म्हटलं, तुझ्यावर पाच डॉलरचं कर्ज आहे आणि तीन मिळाले. "अजून दोन द्यायचेत," ती पटकन म्हणाली. मग तेच तिने वहीत चिन्हं घालून लिहिलं. कोइफिशंटला अजून वेळ होता.

परवा फोनवर भाच्याशी बोललो. तो मराठी शाळेतच आहे, पण सेमी-इंग्रजीत, म्हणजे गणित इंग्रजीतून. विचारलं, "निगेटिव्ह नंबर म्हणजे काय रे?"

"मायनसवाला, मामा."

"आणि ऋण?"

"ते बाबांचं. ट्रॅक्टरचं."