आपत्ती समुपदेशन

आपत्ती समुपदेशन : भूकंप, पूर, आग यांसारख्या आपत्तीत सापडलेल्यांना तातडीने दिला जाणारा मानसिक आधार. बॉस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीत ४९२ जण दगावले. मृतांच्या आप्तांच्या शोकावर मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी लिहिलेला निबंध १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून या शाखेचा पाया घातला गेला (→ शोक). निद्रानाश, दचकणे, आपण वाचलो याची अपराधी भावना या प्रतिक्रिया म्हणजे आजार नव्हे. बहुतेकांत त्या हळूहळू ओसरतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत पाहणे, ऐकणे व योग्य मदतीशी जोडून देणे यांवर भर आहे. सुरक्षितता, पाणी, निवारा आणि ताटातूट झालेल्या नातलगांचा शोध आधी. घडलेले सांगण्याचा आग्रह मुळीच धरायचा नाही. हा संयम पद्धतीचा गाभा होय, कारण एकाच बैठकीत अनुभव वदवून घेतल्याने पुढचा विकार टळतो असे आढळलेले नाही. लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्यास तज्ज्ञाकडे पाठवतात (→ आघातोत्तर तणाव विकृती). भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मनोसामाजिक साहाय्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली (→ किल्लारी भूकंप, १९९३). टेली-मानस (१४४१६) ही दूरध्वनीसेवा २०२२ पासून चालू आहे.