सुबाभळीचा चोखंदळ शत्रू

पावसाच्या दोन-चार सरी झाल्या की बांधावरच्या सुबाभळीला नवी फूट येते. तिचा एखादा कोवळा शेंडा टिचकीने हलवून पाहावा. मोहरीएवढे पिवळट-हिरवे किडे टणाटण उड्या मारतात. मिटलेल्या पानांच्या घडीत अंडी, देठावर पिल्ले, खालच्या पानांवर चिकटा आणि चिकट्यावर काळी बुरशी. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हा प्रकार ओळखीचा वाटेल, कारण त्याच्या बागेतल्या सायलाचाच हा भाऊबंद. फक्त याची जीभ वेगळी. तो सुबाभळीला आणि तिच्या सख्ख्या जातींना धरून राहतो, आणि जून पानावर त्याचे पोट भरत नाही.

झाड आणि कीड, दोघांचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथे सुबाभळीच्या बऱ्याच जाती शेजारी-शेजारी वाढतात आणि किडीला खाणारेही आसपास असतात. स्पॅनिश गलबतांच्या काळात बी अकापुल्कोहून मनिलाच्या वाटेने फिलिपिन्सला पोचले, तिथे झाड ‘इपिल-इपिल’ झाले. बी आले, कीड मागेच राहिली. शिवाय सुबाभूळ स्वतःच्याच परागावर फळते. त्यामुळे उष्ण कटिबंधात पसरलेले जुने झुडूप जवळजवळ एकाच घराण्याचे होते.

पुढे हवाई विद्यापीठातल्या जेम्स ब्रूबेकर यांनी उंच वाढणारी वाणे निवडली. त्यांतले ‘के-८’ गाजले. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ने अशी वाणे आणून चारा, सरपण आणि लाकूड या तिन्हींसाठी शेतकऱ्यांपुढे ठेवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 1977 मध्ये सुबाभळीवर एक पुस्तिकाच काढली. 80च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांमधून पिशव्यांतली रोपे बांधावर, गायरानात, कालव्याच्या काठाने गेली. जनावरांना नुसता हाच पाला घातला तर त्यातल्या मायमोसिनने केस गळतात, हे गोठ्यातल्या माणसांना लवकरच कळले. पण झाडाचा बोलबाला काही कमी झाला नाही.

1984 मध्ये त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी कीड हवाईत पोचली. 1985 मध्ये फिलिपिन्स, 1986 मध्ये इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया, 1987 मध्ये श्रीलंका, 1988 मध्ये दक्षिण भारत. मोठा फटका बसला पश्चिम तिमोरमधल्या अमारासीला. तिथे 1930च्या दशकापासून उतारांवर सुबाभळीच्या ओळी लावायचा दंडक होता. गुरे पोसली जायची ती याच पाल्यावर. शेंडे करपले, तसा चाऱ्याचा आधार गेला.

मग संशोधकांनी कीड कशावर बसते आणि कशाला नाक मुरडते, हे पाहायला सुरुवात केली. सुबाभळीच्या जाती शेजारी-शेजारी लावल्या, तेव्हा रोजची सुबाभूळ शेंड्यापर्यंत ओरबाडली गेली, तर ‘पॅलिडा’ आणि ‘कॉलिन्सी’ या जातींवर किडीचे फारसे काही चालले नाही. ‘पॅलिडा’शी संकर करून ब्रूबेकर यांच्या गटाने ‘केएक्स-२’ तयार केले. दुसरी वाट शत्रूच्या शत्रूची होती. निळसर-काळा ढालकिडा, कुरिनस, हवाईत आधीच स्थिरावला होता. तिथून तो आशियात पसरला आणि 1988 मध्ये बंगळूरलाही आणला गेला.

सुबाभूळ संपली नाही. कडक उन्हात कीड मागे हटते, म्हणून कोरड्या पट्ट्यात झाड पुन्हा सावरते. आंध्रात कागद कारखान्यांसाठी तिची शेती होते. महाराष्ट्रात ती कालव्याकाठी आणि पडीक जागी आपोआप रुजते. मेंढपाळ काठीला विळा बांधून तिच्या फांद्या खाली ओढतो. चिकट्याने काळवंडलेली पाने तशीच राहतात आणि शेळ्या आधी हिरव्या शेंड्यांकडे वळतात, म्हणजे किडीच्याच आवडीच्या घासाकडे.