हाओ

चिनी (मँडरिन) भाषेतील विशेषण. लिपीत 'स्त्री' आणि 'मूल' ही चिन्हे शेजारी ठेवून, सहा रेघांत लिहितात. शिरूर तालुक्यातील रांजणगाव एमआयडीसीत 2007 पासून हायर या छिंगताओच्या चिनी कंपनीचा कारखाना आहे. तिकडच्या तंत्रज्ञांशी बोलू पाहणाऱ्या शिरूर-दौंडकराने आधी हा शब्द उचलावा.

कोशात अर्थ 'चांगला' असा मिळतो. वापराच्या दृष्टीने मात्र आपला 'बरा' त्याचा सख्खा भाऊ शोभतो. होकार देताना आपण 'बरं' म्हणतो, चिनी माणूस 'हाओ'. दुखणेकरी बरा झाला, 'हाओ ल'. (सोलापूरहून 1938 साली चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथली भाषा शिकले होते. त्यांच्या कामात हा प्रयोग रोजचाच असणार.) बरेच म्हणजे 'हाओ तुओ'. दौंडच्या फलाटावर जुना सोबती भेटला की 'बऱ्याच दिवसांनी!' निघते, तिथे 'हाओ च्यौ पू च्येन'. दोन्ही भाषांत बरेपणातूनच 'पुष्कळ' निघावे, हे गमतीचे आहे.

भावंडे असली तरी स्वभाव एक नाही. 'चहा बरा आहे' यात नापसंतीची छटा असते. 'हाओ'त ती नाही. तेवढ्यासाठी 'हाय हाओ' म्हणावे. नुसते 'चांगला आहे' म्हणतानाही आधी 'हन' लागतो : 'हन हाओ'. 'हन' म्हणजे 'फार', पण इथे त्याला वजन नसते. तो गाळला तर कशाशी तरी तुलना चालली आहे असे वाटते. क्रियापदाआधी 'हाओ' आला की नवे विशेषण तयार होते : 'हाओ छ' (खायला चांगले, चवदार), 'हाओ खान' (देखणे).

कारखान्यात खरी गरज पडते ती क्रियापदामागून येणाऱ्या 'हाओ'ची. 'श्यौ ल' म्हणजे दुरुस्ती केली; यंत्र चालेल याची हमी त्यात नाही. 'श्यौ हाओ ल' म्हणजे दुरुस्त झाले, आता चालते. पाळी बदलताना या दोहोंत घोळ झाला तर पुढच्या पाळीच्या माथी बंद यंत्र येते.

उच्चारात त-थ, क-ख हे भेद मराठी जिभेला आयते आहेत. अडते ते सुरांपाशी. 'हाओ'चा सूर तिसरा, खालचा. 'नी हाओ' या अभिवादनात असे दोन सूर लागोपाठ आल्याने 'नी' चढता होतो. हाच शब्द चौथ्या, झटकन उतरत्या सुरात म्हटला तर अर्थ होतो 'आवड असणे'. 'हाओ छी' म्हणजे जिज्ञासू.