पोलीस तुमचे, शाळा आमच्या

मंडळी, एक साधा प्रश्न. मुंबईत सरकारी प्राथमिक शाळा महापालिका चालवते आणि पोलीस मात्र राज्य सरकारचे. हे ठरवलं कुणी? आपल्याला वाटतं, पहिल्यापासून असंच असणार. तसं नाहीये. हा चक्क एक सौदा होता, १९०७ सालचा!

थोडं मागे जाऊ. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माणसांचे लोंढेच्या लोंढे शहरात आले. १८६४ च्या शिरगणतीत वस्ती ८ लाख १६ हजारांवर गेली. त्याच वर्षी फ्रँक साउटर पोलीस कमिशनर झाले आणि पुढची २४ वर्षं त्या खुर्चीत होते. वस्ती वाढली की चोऱ्यामाऱ्या, दंगे, सगळंच वाढतं. शिपाई वाढवा, चौक्या बांधा, हे ओघानं आलंच. पण पैसे कोण देणार?

सरकारचं म्हणणं सोपं होतं : शहर तुमचं, बंदोबस्तही तुमच्यासाठी, तेव्हा म्युनिसिपालिटीनं पैसे द्यावेत. कमिशनर मात्र सरकार नेमणार, हुकूमही सरकारचाच. आपल्या भाषेत सांगायचं तर बिल एका क्लायंटला आणि रिपोर्टिंग दुसऱ्याला! आता ज्या खर्चावर आपला ताबा नाही, तो वाढवायला कोण हौसेनं तयार होईल? शिवाय चौकी बांधायचा खर्च एकदाच, पण तिथल्या माणसांचे पगार दर महिन्याला. (मेंटेनन्स प्रोजेक्टवर काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

वाद होत राहिला, शहर काही थांबलं नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये हिंदू-मुस्लिम दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. १८९६ मध्ये प्लेग आला. त्याच वर्षी क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या नव्या इमारतीत पोलीस कमिशनरचं ऑफिस गेलं. आजही ते तिथंच आहे.

शेवटी १९०७ मध्ये बॉम्बे पोलीस चार्जेस अ‍ॅक्ट आला. पोलिसांचा खर्च सरकारनं उचलला. बदल्यात प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी, जी तोवर दोघांत वाटलेली होती, ती पूर्णपणे कॉर्पोरेशनच्या गळ्यात पडली. पोलीस तुमचे, शाळा आमच्या. झाला हिशेब!

मला स्वतःला हा सौदा वाईट वाटत नाही. ज्यावर आपलं काही चालत नाही त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा शाळा चालवलेल्या केव्हाही बऱ्या. पण त्याची एक किंमत होती. पैसे देणारा निदान जाब तरी मागू शकतो. कॉर्पोरेशनचे पैसे गेले, तसा तो उरलासुरला हक्कही गेला. पुढे राज्यघटनेनं पोलीस हा विषय राज्यांकडेच दिला. त्यामुळे आज नवं पोलीस ठाणं हवं असेल तर फाईल गृहखात्याकडे जाते. आपल्या नगरसेवकानं कितीही फ्लेक्स लावले तरी तिथली पदं मंजूर करणं त्याच्या हातात नाही.

आता आमच्या पिंपरी-चिंचवडकडे बघा. २००१ मध्ये १० लाख वस्ती, २०११ मध्ये १७ लाखांवर. स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं ते १५ ऑगस्ट २०१८ ला. आणि ऑफिससाठी जागा कुठली मिळाली? चिंचवडच्या प्रेमलोक पार्कमधली महापालिकेच्या शाळेची इमारत!

म्हणजे १९०७ मध्ये मुंबईनं शाळा घेऊन पोलीस सोडले, आणि इथं शाळेचीच इमारत पोलिसांना द्यावी लागली. वाढत्या शहराला पोलीस हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण शहर शेवटी या ना त्या रूपात पैसे मोजतंच. मग निदान कशाच्या बदल्यात मोजतोय, एवढं तरी आपण विचारायला नको का?