आपल्या जिल्ह्यातील इंग्रजीचा तास : मॅट्रिकच्या काळापासून आजपर्यंत

ज्ञातीच्या गुणगौरव समारंभात इंग्रजीत सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास स्वतंत्र बक्षीस देण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. गणितात पहिल्या आलेल्या मुलासही बक्षीस मिळते. परंतु टाळ्या अधिक पडतात त्या इंग्रजीच्या नावाला, हे कोणीही सभागृहात बसून पाहावे. एका विषयास हा मान कसा प्राप्त झाला, त्याच्या तासाला मुलांकडून वेळोवेळी काय अपेक्षिले गेले आणि ते नियम कोणी घालून दिले, याची हकिगत ज्ञातिबांधवांपुढे मांडावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून असावी, हा वाद आपल्या राज्यात गेली पाऊणशे वर्षे चालू आहे. त्या तासाला मुलाने नेमके काय करावे, हा प्रश्न मात्र मागेच पडत आला, असे आमचे मत आहे.

नगर जिल्ह्यास (२०२४ पासून अहिल्यानगर) पाश्चात्त्य विद्येचा परिचय पुष्कळ लवकर झाला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरास आले. त्या मिशनच्या सिंथिया फरार या बाईंनी येथे मुलींच्या शाळा चालविल्या व १८६२ साली येथेच देह ठेवला. पुण्यास १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला, याच फरारबाईंच्या हाताखाली. त्यांच्या १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याविषयीचा आग्रह आढळतो. ज्यांस विद्येचे दार बंद होते, त्यांस ही भाषा मुक्तीचे साधन वाटावी, हे स्वाभाविकच होते. जाता जाता आपल्या साळी बांधवांच्या विशेष जिव्हाळ्याची गोष्ट सांगावयाची, तर याच मिशनचे चर्चिल नावाचे गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी नगरात हातमाग सुधारण्याच्या उद्योगास लागले होते. ते यंत्रविद्येचे जाणकार होते. म्हणजे मिशनचा संबंध आपल्याशी पुस्तकापुरताच नव्हता, धोट्यापर्यंत होता.

शाळेतील इंग्रजीला खरे नियम लागले ते मुंबई विद्यापीठामुळे. विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे हे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून १९४८ पर्यंत हायस्कुलाच्या वर्गात काय शिकवावे, हे व्यवहारतः या एका परीक्षेने ठरविले. मराठी चौथी झाल्यावर मुलगा 'इंग्रजी पहिली'त जाई आणि सात वर्षांनी मॅट्रिकला बसे. इयत्तांची नावेच इंग्रजीवरून पडली होती, यावरून त्या विषयाचे माहात्म्य ध्यानात यावे. मुलगा इतर सर्व विषयांत हुशार असला, तरी इंग्रजीत नापास झाल्यास मॅट्रिकला नापासच ठरे. आणि मॅट्रिकशिवाय कचेरीतील कारकुनी दुर्लभ होती.

त्या तासाच्या अपेक्षा आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकल्या आहेत. प्रथम स्पेलिंग. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हा घोष शाळेबाहेरच्या रस्त्यावर ऐकू येई. पुढे शुद्धलेखन, शब्दार्थांची वही, व्याकरण चालविणे आणि या सर्वांच्या शिखरावर भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला ज्या घरात नव्हत्या, त्या घरातील मुलगा शेजाऱ्याकडून मागून आणी. १९३५ नंतर रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाचे राज्य सुरू झाले. यांतील रेनसाहेब पूर्वी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते व पुढे कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झाले, ही गोष्ट त्यांची वाक्ये पाठ करणाऱ्या मुलांस ठाऊक नसे. चूक झाली की छडी, हा नियम कोठे लिहिलेला नव्हता. पण तो सर्व शाळांत सारखाच होता.

एक अपेक्षा मात्र त्या तासाला नव्हती, ती म्हणजे बोलण्याची. सात वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा कलेक्टरसाहेबापुढे उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटे. तरीही या पद्धतीस सरसकट नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही. दोन भाषांमधून सारखी ये-जा करावयास लावल्यामुळे मराठीही पक्की होत असे. पारनेरचे सेनापती बापट, जे १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेले, त्यांनी उत्तरायुष्यात श्रीअरविंदांचा 'दिव्य जीवन' हा गहन ग्रंथ मराठीत आणला. अशा कार्यास लागणारी शिस्त त्या काळच्या भाषांतराच्या तासातून येत असे, असे मानावयास जागा आहे.

या पद्धतीचा खरा दोष निराळाच होता. तिने मुलाकडून घरी बसून करावयाची मेहनत मागितली आणि घर कसे आहे, हे विचारले नाही. ज्याच्या वडिलांनी स्वतः भाषांतर केले होते, त्याला रात्री कोणीतरी चूक दाखवी. नगर वा संगमनेर येथील मागावरच्या घरात संध्याकाळी मुलाला कांड्या भरावयास बसावे लागे, आणि त्याच्या वहीतली चूक दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या छडीलाच प्रथम दिसे. त्यात हायस्कुलाची फी. आपल्या ज्ञातीतील जुन्या पिढीत मराठी सातवी झालेले, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेले पुष्कळ आणि मॅट्रिक मोजके, याचे कारण बुद्धीत शोधण्याचे प्रयोजन नाही.

स्वातंत्र्य आले आणि पारडे एकदम फिरले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यातील पाचवी ते सातवीचे इंग्रजी बंद होऊन ते आठवीपासून सुरू करण्यात आले. १९४९ साली मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. ची पहिली परीक्षा झाली. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व थोर होते, त्याविषयी दुमत नाही. पण हिशेब पाहा : इंग्रजीची सात वर्षे होती, ती आठवी ते अकरावी अशी चार उरली, आणि महाविद्यालयातील व्याख्याने बहुतांशी इंग्रजीतच राहिली. डॉ. हिवाळे यांनी १९४७ साली नगर कॉलेजची स्थापना केल्यामुळे जिल्ह्यातील मुलांस पुण्या-मुंबईस जाण्याची गरज उरली नाही, हे मोठेच उपकार झाले. परंतु चार वर्षांच्या इंग्रजीवर प्राध्यापकांचे व्याख्यान उतरवून घेणे ही खेड्यातील मुलाची पहिली कसोटी ठरली.

ज्यांस साधने होती त्यांनी वाट शोधली व आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घातली. तेव्हा ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला, की अशा शाळांनी अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज इतर मुलांस प्रवेश देऊ नये. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील देवळालीच्या बार्न्स हायस्कूलसंबंधाने हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरविला. पालकाच्या इच्छेपुढे सरकारी नियम टिकला नाही. पुढे २०१४ साली कर्नाटकाच्या प्रकरणातही, प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम लादता येणार नाही, असाच निर्णय झाला.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर इंग्रजी पुन्हा पाचवीपर्यंत खाली आले. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि 'माय इंग्लिश बुक' घरोघर पोहोचले. आम्ही स्वतः याच पाचवीपासूनच्या इंग्रजीवर मॅट्रिक झालो. भाषांतराची जागा आता वाक्यरचनांच्या सरावाने घेतली होती. वही चार रेघांची, वाक्ये ठराविक, आणि बोलणे पुन्हा शून्य! १९७५ साली दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली व अकरावी शाळेतून गेली, तेव्हा सातांची सहा वर्षे झाली.

जून २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकविणाऱ्या आमच्यासारख्या मॅट्रिक व अध्यापन पदविका झालेल्या शिक्षकांवर ते काम आले. लहान मुलांस प्रथम ऐकवावे, बोलते करावे, असे आम्ही ठरविले होते, आणि मुले आनंदाने बोलतही. पालक मात्र येऊन विचारीत, "गुरुजी, वहीत काहीच कसे दिसत नाही?" पालकांच्या मनातील इंग्रजीचा तास अजून मॅट्रिकचाच होता. त्यांस दोष कसा द्यावा? परीक्षाही लिहिलेलेच तपासत होती.

त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले २०१० साली दहावीला बसली. म्हणजे चारांची वर्षे आता दहा झाली. मराठी शाळेतील दहावीला इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. तिच्या १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० शाळेने द्यावयाचे. हे २० गुण शाळा सढळ हाताने देतात, या तक्रारीवरून २०१८-१९ या वर्षी ते भाषा विषयांतून काढून टाकण्यात आले. मार्च २०१९ चा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. घसरणीचे खापर अनेकांनी याच बदलावर फोडले, आणि पुढील वर्षापासून ते गुण परत आले. आमच्या दृष्टीने या प्रकरणातील लक्षणीय गोष्ट अशी, की जेथे मुलाने तोंड उघडावे अशी थोडीफार अपेक्षा होती, तेच गुण खैरातीचे समजले गेले. ज्या ज्ञातीचे मूळपुरुष श्री जिव्हेश्वर, म्हणजे साक्षात् जिभेचे ईश्वर, तिच्या लेकरांनी तरी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये!

छडी आता कायद्यानेच गेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली, हे उत्तम झाले. माध्यमाची निवड ज्याची त्याने करावी. ज्ञातीतील बरीच कुटुंबे आज कर्ज काढून मुलांस इंग्रजी माध्यमात घालतात, काही सेमीवर समाधान मानतात, आणि ज्यांस ऐपत नाही त्यांची मुले मराठी शाळेत राहतात. समारंभातले इंग्रजीचे बक्षीस बहुधा पहिल्या वर्गातील मुलाकडे जाते, आणि मागच्या रांगेतील मराठी शाळेची मुले टाळ्या वाजवितात.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची सूचना आहे, की हे बक्षीस गुणपत्रिकेवरून देणे बंद करावे. त्याऐवजी समारंभाच्या आदल्या दिवशी मराठी व सेमी शाळांतील आठवी ते दहावीच्या मुलांस एकत्र बसवावे. प्रत्येकाने न वाचलेला एक इंग्रजी उतारा मोठ्याने वाचावा, त्याचा अर्थ आपल्या मराठीत सांगावा, आणि परीक्षकाच्या दोन प्रश्नांस इंग्रजीत, चुकतमाकत का होईना, उत्तर द्यावे. परीक्षक म्हणून ज्ञातीतील निवृत्त शिक्षक विनामूल्य येतील. त्यांत आमचेही नाव धरावे.