बराकपूरचे दोन 'पांडे'

कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठी असलेल्या बराकपूर छावणीत २९ मार्च १८५७ रोजी ३४ व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीतील शिपाई मंगल पांडे यांनी इंग्रज अधिकाऱ्यांवर हल्ला चढविला. ८ एप्रिल रोजी त्यांना फाशी देण्यात आली. त्यांना पकडण्याचा हुकूम न मानणारे जमादार ईश्वरी यांनाही त्याच महिन्यात फाशी झाली. त्यांचेही आडनाव पांडेच होते.

बंगाल सैन्यात अवध व बिहारकडील ब्राह्मण शिपायांचा भरणा मोठा असल्याने हे आडनाव पलटणींत सर्रास आढळे. मे महिन्यात मेरठ येथे उठाव झाल्यानंतर इंग्रजांनी ते सर्वच बंडवाल्यांना चिकटविले. शिपाई राजपूत असो वा मुसलमान, त्यांच्या लेखी तो 'पँडी'! पुढे भारताचे सरसेनापती झालेल्या फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या त्या काळातील पत्रांतही हा शब्द येतो. (मराठी 'देशपांडे' हे आडनाव वेगळे, ते परगण्याचे दप्तर सांभाळणाऱ्या वतनदाराच्या हुद्द्यावरून आले.)

मंगल पांडे यांच्या स्मरणार्थ १९८४ मध्ये टपाल तिकीट काढण्यात आले. ईश्वरी पांडे यांचे नाव मात्र इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नाही.